फलश्रुती नसलेली पोथी

आमच्या घरात कादंबरी आली ती पोथी म्हणून आली, आणि पोथी म्हणूनच तिला पाटावर बसवली. श्रावणात आमच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, दरसाल काहीतरी वाचायची रीत होती. घरातली जुनी पोथी वाळवीनं अशी खाल्ली होती की राक्षस यायचा, पण त्याला मारणारा देव यायच्या आत पान संपायचं. म्हणून तात्या, म्हणजे माझे चुलते, लावणी उरकल्यावर मीठ आणायला भोरच्या बाजाराला गेले तेव्हा पंचांग विकणाऱ्या दुकानात शिरले. म्हणाले, बायकांना आवडेल अशी नवी पोथी द्या. दुकानदारानं एक जाड, निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक पुढं केलं. ‘सध्या घरोघर हेच वाचतात. ऐकताना बायका रडल्याशिवाय उठत नाहीत.’ तात्यांना तेवढं पुरलं. रडू आणते ती पोथी खरी, असं त्यांचं साधं मत होतं. माझा बाप मी रांगता असतानाच गेलेला, त्यामुळं घराचे कारभारी तात्याच, आणि वाडीच्या पंचांतही त्यांचाच शब्द शेवटचा.

वाडीत अक्षर ओळखणारा मी एकटा. खाली उत्रोलीला जाऊन चार इयत्ता केल्या होत्या, पुढं गुरांनी शाळा सोडवली. तेव्हा मला मिशी फुटली होती आणि लग्नाचं बघायचं चाललं होतं. तात्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं आणि विचारलं, ‘गेनू, वर काय लिवलंय?’ मी वाचलं, ‘सामाजिक कादंबरी.’ तात्या म्हणाले, ‘ही कादंबरी कोन?’ मला तरी काय ठाऊक. म्हटलं, ‘आसंल येखांदी देवी.’ आई लगेच उठली आणि पुठ्ठ्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढली. ते डाग अजून आहेत. पुस्तक माझ्या उशाशी आहे, म्हणून सांगतो.

वाचायची वेळ दुपार कलल्यावरची. सकाळची निंदणी उरकून, न्याहारीची नाचणीची भाकरी जिरून, गुरं घरी यायच्या आत. बाहेर पाऊस बारीक लागलेला, पेंढ्याच्या छपरावरून पागोळ्या गळतायत, गोठ्यात एखादं वासरू दावं ओढतंय, आणि आत चुलीवर आळूच्या पानांचं फदफदं रटरटतंय, त्याचा आंबट वास सोप्यापर्यंत यायचा. मी आंघोळ करून धुतलेलं धोतर नेसायचो. बायका मोड आलेले वाल सोलायला घेऊन बसायच्या, तात्या अंबाडीचा दोर वळत खांबाला टेकायचे. प्रकरण संपलं की म्हातारी माणसं हात जोडून ‘हरये नमः’ म्हणायची. पुस्तकातल्या शैलजेचा नवरा आगगाडीत बसून कलकत्त्याला गेला तेव्हाही म्हणाली, आणि तिथं त्यानं दुसरी बाई ठेवली तेव्हाही म्हणाली.

ती गोष्ट थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. शैलजा शहरातली, शिकलेली, गोरीपान. नवरा तिला टाकून जातो. ती त्याच्या फोटोपुढं दिवा लावून बारा वर्षं वाट बघते. शेजारचा एक भला डॉक्टर लग्नाचं विचारतो, त्याला ती घराबाहेर काढते. शेवटी नवरा क्षयानं खंगून परत येतो. ती रात्रंदिवस त्याचं करते, तो बरा होतो, आणि ती त्याच्या पायावर डोकं ठेवून मरते. लिहिणाऱ्याचा हात चांगला होता, हे मी आजही म्हणेन. दिव्याची वात कशी थरथरली, तिच्या बांगडीचा आवाज ऐकून मांजर कसं उठलं, असलं त्यानं असं लिहिलं होतं की वाचताना मीही डोळे पुसायचो. माझी आई तर शैलजेचं नाव निघालं की पदर डोळ्याला लावूनच बसायची.

रडायची नाही ती एकटी ठकू. ठकू आमच्या शेजारच्या कोंडीमामांची लेक. सख्खे मामा नव्हेत, वाडीत सगळे त्यांना मामा म्हणायचे. तिला वेल्ह्याच्या बाजूला दिली होती. नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली, तेव्हा ही भांडली, त्यानं हात उगारला, तर हिनं त्याच्या हातातलं लाकूड हिसकून चुलीत घातलं आणि डोंगर उतरून चालत माहेरी आली. नवऱ्यानं दोनदा निरोप धाडला होता, की पंच बसवा, मी काडी मोडायला तयार आहे. नव्या पिढीला हे ठाऊक नसेल. आमच्यात नवराबायकोचं जमलं नाही तर पंचांपुढं नवऱ्यानं गवताची काडी मोडायची, की संबंध तुटला. मग बाईला पाट लावून दुसरं घर करता यायचं. दसऱ्यानंतर ठकूची काडीमोड करायची असं आमच्या तात्यांनी आणि कोंडीमामांनी ठरवलंही होतं.

ठकू ऐकायला बसायची ती वालांची डालगी पुढं घेऊन, उंबऱ्याजवळ. आणि मध्येच विचारायची. ‘गेनू, ह्या बाईनं बारा वर्सं खाल्लं काय?’ मी पान मागं पुढं करून बघायचो. म्हणायचो, ‘त्ये काय लिवलेलं न्हाई.’ ‘कुनाच्या रानात गेली कामाला?’ ‘कुटंच न्हाई.’ ‘मंग दिव्याला त्याल कोन देत हुतं?’ बाकीच्या बायका तिला डोळ्यांनी दटावायच्या. तात्या दोर वळता वळता म्हणायचे, ‘ठके, पोथीला इचारायचं नसतंय. ऐकायचं आसतंय.’ ती वाल सोलायची, पण तिच्या बोटांची गती वाढायची. साल इकडं, डाळिंबी तिकडं, अशी उडायची की आई म्हणायची, ‘पोरी, वालावर राग काडू नगं.’

पुस्तक अर्ध्यावर आलं आणि वाडीचं तिच्याकडं बघणं बदललं. टाकलेली शैलजा जशी, तशी टाकलेली ठकू. पाणवठ्यावर बायका तिला हंडा आधी भरू द्यायला लागल्या. म्हाताऱ्या येता जाता तिच्या कपाळाला कुंकू लावायच्या आणि तेच बोट आपल्या कपाळाला टेकायच्या. निंदणीला तिला कुणी हाक मारेना, म्हणे तिनं चिखलात कशाला उतरायचं. सोप्यावर तिची जागा उंबऱ्याजवळून उचलून पाटाशेजारी दिली, आणि वालांची डालगी काढून घेतली. एका दुपारी वेल्ह्याकडचा तिसरा निरोप आला, नवरा अजून तयार आहे म्हणून. कोंडीमामांनी निरोप्याला गूळपाणी दिलं आणि साऱ्यांदेखत सांगितलं, ‘काडी मोडायची न्हाई. माजी पोर शैलजाबाईवानी ऱ्हाईल. त्याला म्हनावं, बारा वर्सांनी येशील तवा ती तुजं पाय धुईल.’ लोकांनी माना हलवल्या. तात्यांचे डोळे भरून आले होते. ठकू म्हणाली, ‘बा, म्या त्याचं पाय धुवायची न्हाई. सापडलाच तर मोडीन.’ सगळे हसले. देवीनं चेष्टा केली असं त्यांना वाटलं.

मी हसलो नाही. एक तर तिचा तो स्वभाव मला ठाऊक होता, आणि दुसरं, दसऱ्याची मीही वाट बघत होतो. हे तोवर कुणाजवळ बोललो नव्हतो. काडीमोड झाली की आईला सांगायचं, असं मनाशी धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती आमच्या खाचराच्या बांधावर आली. मी उंदरांनी पाडलेलं भोक बुजवत होतो. डोक्यावर इरलं तसंच ठेवून ती उभी राहिली आणि म्हणाली, ‘गेनू, खरं सांग. तू पुडचं वाचलंयस.’ वाचलं होतं. सांगितलं, शैलजा शेवटी मरते.

‘आन त्यो?’

‘त्यो बरा हुतो.’

तिनं इरल्याची कड वर केली. मग म्हणाली, ‘मला देव्हाऱ्यात बशिवत्यात, गेनू. ऱ्हाईलेली वर्सं माज्या कपाळाला बोटं लावत बसतील.’

मी म्हटलं, ‘समाप्तीला म्या येगळंच वाचतो. पंच बसलं, काडी मोडली, तिचं भलं झालं, आसं म्हनतो. हितं कुनाला अक्षर येतंय?’

‘आजाबात न्हाई,’ ती म्हणाली. ‘तू बदललंस तर तुजं खोटं पडंल, पोथीतलं तसंच ऱ्हाईल. जसं हाय तसं वाच. शेवटच्या रेगंपतुर वाच. म्या बसते समोर.’ आणि पायानं चिखलाचा एक गोळा ढकलून बांधाचं भोक तिनंच बुजवलं. ‘येवडं बी नीट जमंना,’ म्हणाली आणि गेली.

समाप्तीला सगळी वाडी लोटली. आईनं तांदळाची खीर केली होती, भोपळ्याचे घारगे तळले होते. पुस्तकापुढं नारळ, समई, झेंडूची फुलं. ठकूला नवं लुगडं नेसवून पाटाशेजारी बसवलेली. मी जसंच्या तसं वाचलं. शैलजेनं नवऱ्याचे पाय धुतले, ते पाणी डोळ्यांना लावलं, त्याच्या अंगावर तेज आलं आणि हिचे प्राण गेले. शेवटची ओळ संपली तेव्हा सोप्यावर असा हुंदका उठला की गोठ्यातली वासरं उभी राहिली. कोंडीमामा लहान पोरासारखे रडत होते. एकेक म्हातारी पुढं येऊन पुस्तकापुढं डोकं टेकायला लागली. ठकूची पाळी आली. ती जागची हलली नाही.

‘तात्या,’ ती म्हणाली, ‘हिच्या गावात पंच न्हवतं का?’

तात्यांनी डोळे पुसले. ‘काय म्हनतीस?’

‘पंच न्हवतं का म्हनलं. हिला कुनी काडी मोडून का दिली न्हाई? त्यो डाक्टर बरा हुता. त्याच्या घरी पोटाला मिळालं आसतं.’

‘ठके, पोथी हाय ती.’

‘पोथी आसंल तर आसू द्या. त्यो बरा झाला आन ही मेली. म्या ऐकली, समदी ऐकली. मला ही पटली न्हाई. म्या हिच्या पाया पडनार न्हाई, आन हिच्यावानी ऱ्हानार बी न्हाई. वेल्ह्याला निरोप धाडा.’

असं शांत बोलली, जसं काही भाताला पाणी सोडा म्हणतेय. कोंडीमामा उठायला लागले, त्यांना कुणीतरी धरलं. तात्यांचा चेहरा उतरला, पण ते रीत सोडणारे नव्हते. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप केलं. ‘समाप्ती अर्धी ठिवू नगा. गेनू, फलश्रुती वाच.’

पोथीच्या शेवटी फलश्रुती असते. जो हे ऐकेल त्याला पुत्र होईल, आंधळ्याला दिसेल, रोग्याचा रोग जाईल, हे सांगितलेलं असतं. तिच्यावाचून नारळ फोडायचा नाही ही आमची रीत. मी पान उलटलं. ते मी आधीच बघून ठेवलं होतं, पण फलश्रुती माझ्याकडं मागितली जाईल हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी म्हटलं, ‘तात्या, फलश्रुती न्हाई.’

‘आसंल. नीट बग.’

‘न्हाई. केसाच्या त्यालाची जाहिरात हाय.’

तात्या म्हणाले, ‘काय हाय ती वाच.’ मी वाचली. ह्या तेलानं केस लांब होतात, डोकं थंड राहतं, बाटलीवर बाईचं चित्र बघून घ्यावं. एक म्हातारी सवयीनं ‘हरये नमः’ म्हणाली आणि स्वतःच दचकली. तात्या उठले, माझ्या हातातून पुस्तक घेतलं, त्यांना वाचता येत नव्हतं तरी शेवटचं पान उजेडात धरलं. त्या पानावर खरंच केस सोडलेली एक बाई होती.

तेव्हा माझी आई बोलली. आई चारचौघांत, तात्यांपुढं तर कधीच, बोलायची नाही. डोळ्यांत पाणी तसंच होतं. म्हणाली, ‘भावजी, फळ न्हाई तर मंग ती मेली कशापायी?’

तात्यांनी पुस्तक मिटून पाटावर ठेवलं. मी ती संधी घेतली, आणि त्याचं मला आजही समाधान वाटतं. म्हटलं, ‘तात्या, ही पोथी न्हाई. मानसानं रचल्याली गोष्ट हाय. देवाची आसती तर देवानं फळ दिलं आसतं. ठकूची काडीमोड ठरल्याली हाय ती करा. आन झाली म्हंजी तिला म्या करीन.’ शेवटचं वाक्य बोलायचं नव्हतं, पण एकदा तोंड उघडलं की माझं असं होतं. ठकूनं माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. म्हणाली, ‘मला इचारलं का कुनी?’ आणि त्या रडक्या सोप्यावर लोक हसायला लागले. नारळ मात्र तात्यांनी फोडला नाही. खीर सगळ्यांनी खाल्ली.

तात्या पुढं कितीतरी दिवस कुणाशी नीट बोलले नाहीत. त्यांचं मत बदललं असं नाही. पोथी असती तर त्यांनी ठकूला शेवटपर्यंत पाटाशेजारी बसवून ठेवली असती, आणि माझंही त्यांच्यापुढं काही चाललं नसतं. दुकानदारानं फसवलं ह्याचाच त्यांना राग. पण भात पोटरीत, म्हणजे लोंब्या फुटायच्या बेतात, आलं तेव्हा एक दिवस खाचरात वाकलेले असताना मान वर न करता म्हणाले, ‘कोंडिबाला सांग, पंच बसवतोय. काडी म्या आनतो.’ आणि पंच बसले त्या दिवशी त्यांनी आपल्या खाचरातली भाताची काडी आणली, लांब, सरळ, गाठ नसलेली. वेल्ह्याचा तो माणूस मान खाली घालून आला, काडी मोडली, दोन तुकडे टाकले आणि जेवून गेला. ठकूनं त्याला वाढलं. म्हणाली, पाहुणा म्हणून आलाय, उपाशी कशाला घालवायचा.

ह्या वेळी मी ठकूला आधी विचारलं, ती हो म्हणाली. पुढची अडचण माझी होती. मी बिनलग्नाचा. बिनलग्नाच्या पोरानं पाटाची बायको करायची तर आधी त्याचं लग्न रुईच्या झाडाशी लावतात, म्हणजे पाटाची बाई त्याची दुसरी होते. आईनं हट्ट धरला. मग बांधावरच्या रुईला हळद लावली, मला हळद लावली, मुंडावळ्या बांधल्या, आणि मी त्या झाडाशेजारी नवरदेव होऊन उभा राहिलो. ठकू लांब बसून खीखी करत होती. तिचा माझा पाट रीतीनं अंधारात लागायचा, चारचौघांनी तोंड बघायचं नाही म्हणून. ती म्हणाली, ‘आंधारात कशाला, चोरी केलीया का?’ आणि उन्हं चांगली डोक्यावर आल्यावरच घराबाहेर आली. तात्या कुरकुरले, पण अक्षता त्यांनीच टाकल्या.

त्यानंतर जन्मभर ती रुई आमच्या घरात माझी थोरली झाली. मी रुसलो, न जेवता उठलो, की ठकू म्हणायची, ‘जावा, थोरलीकडं जावा. ती गप ऐकून घिईल.’ किकवीच्या तिच्या मावसबहिणीला पाटानंतरच्या पहिल्या भेटीत तिनं असं गंभीर तोंडानं सांगितलं, की आमच्या ह्यांची पहिली अजून नांदतीय, की ती बिचारी घाबरून दोन घास कमी जेवली.

आता माझं मत सांगतो, कारण ते सांगायलाच हे लिहायला बसलो. कादंबऱ्यांतलं मला फार कळत नाही. पुढं आणखी वाचल्या, नातीनं आणून दिल्या, काही बऱ्या होत्या. पण त्या निळ्या पुस्तकाबद्दल माझं ठाम म्हणणं आहे की लिहिणाऱ्याला दिवा दिसला, बांगडी दिसली, मांजर दिसलं, बाई दिसली नाही. तिला भूक लावली असती तर ती उठून बाहेर गेली असती, आणि बाहेर गेली असती तर त्याची गोष्ट मोडली असती. म्हणून त्यानं तिला बारा वर्षं उपाशी ठेवली. आणि शेवटी तिला जिवंत ठेवून पुढं काय करायचं ते त्याला सुचलं नाही, म्हणून मारली. लोक रडले, त्याला वाटलं आपण चांगलं लिहिलं. मीही रडलो होतो. पण रडू येणं आणि पटणं ह्यात फरक आहे, तो मला ठकूनं वालाची सालं उडवत दाखवला.

ह्या माघात ठकू गेली. तिचं आजारपण लांबलं होतं. शुद्ध होती तोवर विचारायची, वाल लावले का, रेडी गाभण राहिली का, आणि एकदा माझा हात घट्ट धरून म्हणाली, ‘अवो, मला आजून जायाचं न्हाई.’ तिला अंगणात घेतली तेव्हा बायका जमल्या, कपाळभर कुंकू भरलं, आणि एकीनं दुसरीला म्हटलं, ‘भाग्याची बाई. मालकाच्या आधी गेली.’ सगळ्याजणी तेच म्हणायला लागल्या, एकेक पुढं येऊन डोकं टेकायला लागली. मला समाप्तीचा तो सोपा आठवला. मी म्हटलं, ‘गप बसा. तिला जायाचं न्हवतं. ह्यात भाग्य कसलं?’ लोक म्हणाले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं दुःखानं. डोकं जागेवर होतं. ती बोलती असती तर हेच बोलली असती, आणि ती बोलत नव्हती, म्हणून मी बोललो.

परवा नातवानं बांधावरून ट्रॅक्टरला वाट काढायची म्हणून रुई उपटायला घेतली. तीच रुई, कितीदा तोडली तरी खालून फुटणारी. मी काठी टेकत गेलो आणि त्याला म्हटलं, वाट पलीकडून काढ. तो म्हणाला, ‘आबा, जंगली झाड आहे, कशाला ठेवायचं?’ मी त्याला सांगितलं, ती माझी थोरली आहे, धाकटी गेली. त्याला काही कळलं नाही. फावडं खांद्यावर टाकून तो निघून गेला. मी तांब्याभर पाणी तिच्या बुडाशी घातलं आणि ठकूनं सांगितलं होतं तसा थोडा वेळ तिथं बसून बोललो. तिनं गप ऐकून घेतलं.